हौशी कप्तान आणि चार रुपयांचा चाकर

वऱ्हाडच्या मुलुखात क्रिकेट आले ते छावणीच्या मागून. १८५३ च्या तहान्वये निजामाने कंटिंजंट फौजेच्या खर्चापोटी हा प्रांत कंपनी सरकारच्या हवाली केला. १८६७ साली मुंबईचा लोहमार्ग बडनेऱ्यावरून थेट नागपुरास भिडला. कापसाच्या गाठी बंदराकडे जाऊ लागल्या, अमरावतीस कमिशनराची कचेरी आणि गावापासून बेताचे अंतर राखून वसलेला कॅम्प उभा राहिला. आणि जेथे कॅम्प तेथे साहेबांचा क्लब, क्लबापुढे टेनिसची जागा व जमल्यास क्रिकेटचे मैदान, हा त्या अंमलाचा ठरलेला शिरस्ताच होता. नागपूरच्या हमरस्त्यावरील आमच्या नांदगाव पेठेसारख्या गावांना त्या मैदानाशी फारसे कर्तव्य नव्हते. गावाकडच्या माणसाचा तेथे संबंध आलाच तर तो गवत कापणारा, पाणी मारणारा, रूळ ओढणारा म्हणून येई. या खेळाच्या बखरकारांनी फलंदाजांच्या धावा मोठ्या निगुतीने नोंदविल्या आहेत; रूळ ओढणाऱ्याच्या दप्तरात मात्र त्यांनी क्वचितच डोकावून पाहिले. आणि तरीही, राणीच्या राज्यातील हौशी क्रिकेटपटू म्हणजे नेमका कोण, हे समजून घ्यावयाचे असेल तर त्या दप्तराला पर्याय नाही, असे मला दिवसेंदिवस अधिक वाटू लागले आहे.

व्हिक्टोरियाकालीन इंग्लंडात क्रिकेट खेळणारांचे दोन वर्ण होते, असे म्हणण्यास प्रत्यवाय नसावा. एक 'जंटलमन', म्हणजे हौशी. दुसरा 'प्लेअर', म्हणजे मोल घेऊन खेळणारा. या दोहोंचा परस्परांविरुद्धचा सामना १८०६ साली प्रथम झाला आणि तो १९६२ पर्यंत, म्हणजे आपल्याकडे राज्यघटना होऊन बारा वर्षे लोटली तरी, लॉर्ड्सच्या मैदानावर रंगत होता. हौशी गृहस्थ एका दाराने मैदानात उतरत, पगारी खेळाडू दुसऱ्या दाराने. कपडे बदलण्याच्या खोल्या निरनिराळ्या. छापील धावपत्रिकेवर हौशी गृहस्थाच्या नावास आद्याक्षरे व बहुमानाची उपाधी, तर पगारी माणसाच्या वाट्यास नुसते आडनाव. एकाच संघातून खेळणाऱ्या, एकाच चेंडूमागे धावणाऱ्या आणि एकाच विजयाने हर्षित होणाऱ्या अकरा माणसांत ही विभागणी कोणास विलक्षण वाटत नसे. किंबहुना ती नसती तर खेळाची अप्रतिष्ठा झाली असती, अशीच बहुतेकांची प्रामाणिक समजूत होती. संघाचे नेतृत्व हौशी माणसाकडेच असावे हा तर जवळजवळ धर्मनियमच मानला जाई, मग तो माणूस खेळात यथातथा असला तरी चालत असे.

ही विभागणी पैशाच्या देवघेवीवर उभी आहे, असे त्या काळचे समर्थक सांगत. ते खरे मानावे, तर डॉ. डब्ल्यू. जी. ग्रेस यांचे काय करावे असा प्रश्न पडतो. हे दाढीधारी गृहस्थ व्यवसायाने वैद्य आणि वर्णाने हौशी. तथापि १८७३-७४ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यासाठी त्यांनी पंधराशे पौंड मोजून घेतले, आणि १८९५ साली त्यांच्या सन्मानार्थ जो निधी जमला तो नऊ हजार पौंडांच्या वर गेला. त्या युगातील कोणत्याही पगारी गोलंदाजास जन्मभर घाम गाळून इतकी रक्कम दृष्टीस पडली नसती. तेव्हा हौशीपणाची कसोटी पैसा ही नव्हती. पैसा कोणी, कोणत्या नावाने आणि किती ऐटीने घेतला यावर ती अवलंबून होती. आणि त्याहीपेक्षा, तो घेणारा कोणाच्या पोटी जन्मला यावर. आपल्या देशातील वाचकास हे समजावून सांगण्याची विशेष गरज पडू नये.

हौशी आणि पगारी यांच्या या भेदास आणखी एक शेपूट होते, ज्याकडे पुरेसे लक्ष जात नाही. फळी हाती घेऊन डौलाने धावा काढणे हे गृहस्थाचे काम, आणि उन्हातान्हात चेंडू टाकीत राहणे हे मजुराचे, अशी श्रमविभागणी त्या खेळात हळूहळू रुजली होती. अपवाद पुष्कळ होते. परंतु क्लबाच्या सरावाच्या जाळीत तर हा नियम अगदी उघड दिसे. तेथे सभासद खेळे आणि नोकर टाकी. मानवी स्वभावात याचे मूळ असावे, कारण पऱ्हाटी उपटून रिकाम्या झालेल्या वावरात आमच्या गावची पोरे आजही डाव मांडतात तेव्हा फळी प्रथम कोणी धरावी याचा निवाडा बहुधा ती ज्याच्या घरची असेल तोच देतो. फरक इतकाच, की तेथे संध्याकाळपर्यंत सर्वांची पाळी येते.

हिंदुस्थानात हा हौशीपणा आपल्या सर्व लवाजम्यासह आला. १८९० ते १८९५ या काळात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर असलेले लॉर्ड हॅरिस हे त्याचे मूर्तिमंत उदाहरण होते. इंग्लंडच्या संघाचे माजी कप्तान, केंट परगण्याचे सर्वस्व, आणि गणेशखिंडीच्या सरकारी निवासापाशी क्रिकेटचे मैदान राखणारे हे राज्यपाल राज्यकारभारापेक्षा खेळात अधिक रमतात, असा आरोप वृत्तपत्रे करीत. आणि १८९३ साली मुंबईत दंगा पेटला असता ते पुण्यास राहिल्याने त्या आरोपास धारही चढली. मुंबईच्या पारशांनी तोवर या खेळात चांगलीच गती मिळविली होती. १८४८ साली त्यांनी आपला पहिला क्लब काढला, १८८६ व १८८८ साली त्यांचे संघ विलायतेस जाऊन आले, आणि डॉ. मेहेल्लाशा पावरी यांच्यासारखा गोलंदाज त्यांच्यातून निपजला, ज्याने दुसऱ्या दौऱ्यात १७० गडी बाद केले. १८९२ पासून युरोपियन विरुद्ध पारशी असा इलाख्याचा सामना नियमाने होऊ लागला. हिंदू समाज या सोहळ्यात अद्याप कुंपणाबाहेरून पाहत होता.

याच सुमारास पुण्याच्या लष्करी वर्तुळात जॉन ग्लेनी ग्रेग नावाचा एक तरुण अधिकारी नावारूपास येत होता. त्याचा जन्म १८७१ साली महू येथील छावणीचा. म्हणजे त्या पिढीतील अनेक अँग्लो-इंडियन कुटुंबांप्रमाणे हिंदुस्थान हीच त्याची जन्मभूमी आणि इंग्लंड ही हक्काची रजेची जागा. अंगलट लहानखुरी, पायांची हालचाल चपळ, मनगट लवचिक. 'जॉन ग्लेनी' या जोडनावाचा भरभर उच्चार करता करता मित्रमंडळींनी त्याचे 'जंगली' केले आणि मग सबंध इलाख्यात तो त्याच नावाने ओळखला गेला. देशी प्रेक्षकांस या नावात काय गंमत वाटत असेल ते सांगावयास नको. पुढे रजा मिळेल त्या उन्हाळ्यांत तो हॅम्पशायर परगण्याकडून खेळे. १९०१ साली लिव्हरपूल येथे लँकेशायरविरुद्ध त्याने नाबाद २४९ धावा काढल्या. बंदुकीची नोकरी, गव्हर्नराच्या दरबारातील लष्करी चिटणिसाचा हुद्दा, रजेत परगण्याचे क्रिकेट आणि परतल्यावर पुन्हा पुणे-मुंबईचे सामने, असा हा जीवनक्रम हौशी माणसाच्या आदर्शास तंतोतंत उतरणारा होता. त्याने खेळासाठी कोणाकडून पै घेतली नाही. त्याच्या खेळाच्या मशागतीसाठी मात्र दुसऱ्या एका माणसास महिना चार रुपये मिळत होते.

तो माणूस म्हणजे बाळू पालवणकर. जन्म १८७६ चा, धारवाडचा. मूळ गाव कोकणातील पालवण. जात चर्मकार, म्हणजे त्या काळच्या व्यवहारात अस्पृश्य. वडील ११२ व्या पलटणीत शिपाई. पलटणीच्या आश्रयाने ज्या थोड्या दलित कुटुंबांस लेखन-वाचन आणि नियमित तनखा यांचा लाभ झाला त्यांपैकी हे एक. बाळू आणि त्यांचे धाकटे बंधू शिवराम यांनी साहेबांनी टाकून दिलेल्या सामानावर खेळाचे पहिले धडे गिरविले. पुढे पुण्यातील पारशांच्या एका क्रिकेट क्लबात मैदान झाडणे व रूळ फिरविणे या कामावर बाळूंना महिना तीन रुपयांची जागा मिळाली, आणि १८९२ च्या सुमारास तेथून ते युरोपियनांच्या पूना क्लबात आले, तेव्हा मुशाहिरा चार रुपये झाला. रूळ फिरवावा, खेळपट्टी आखावी, जाळ्या उभ्या कराव्या, टेनिसच्या जागेवर चुन्याच्या रेघा ओढाव्या, हे काम. ट्रॉस नावाच्या एका सभासदास या पोऱ्याच्या हातात काही निराळे आहे असे दिसले आणि त्याने त्यास चेंडू टाकावयास सांगितले. डाव्या हाताने संथ, फिरता, उंची व टप्पा क्षणोक्षणी बदलणारा चेंडू टाकण्याची जी विद्या पुढे सबंध देशाने पाहिली तिचे विद्यापीठ ते हेच.

आणि त्या विद्यापीठातील सर्वांत उत्साही गिऱ्हाईक होते ग्रेगसाहेब. इतर सभासद येण्यापूर्वी तासभर आधी तो मैदानावर हजर होई आणि बाळूंना आपल्यापुढे चेंडू टाकावयास लावी. अशी आख्यायिका आहे, की आपणास बाद केल्यास प्रत्येक खेपेस आठ आणे देण्याचा त्याने करार केला होता. आख्यायिका असली तरी तिचा हिशोब करून पाहण्यासारखा आहे. चार रुपयांचे आणे चौसष्ट. म्हणजे महिन्यात आठ वेळा साहेबास बाद केले की पगार दुप्पट. खेळासाठी पैसा घेणे हीन मानणारा हौशी गृहस्थ समोरच्या माणसास बळीमागे ठरीव दर देतो, आणि त्या दराने आलेला चेंडू खेळून खेळून जी दृष्टी व जी पायांची चपळाई कमावतो ती पुढे लिव्हरपूलच्या हिरवळीवर हौशी क्रिकेटचा दागिना म्हणून मिरवते! यात ग्रेगचा वैयक्तिक दोष मी मानीत नाही. किंबहुना आठ आणे देणारा तो एकटाच. बाकीच्यांनी तेवढेही दिले असतील असे वाटत नाही. परंतु हौशी माणसाची फुरसत ही आकाशातून पडलेली नसते, कोणाच्या तरी श्रमाने ती विणलेली असते, हे या जोडीत जितके स्वच्छ दिसते तितके इंग्लंडातील कोणत्याही चरित्रात दिसत नाही.

बाळूंनी पूना क्लबाच्या जाळीत वर्षानुवर्षे, बहुधा सहस्रावधी तास, चेंडू टाकला. त्या सर्व काळात तेथे त्यांच्या हाती एकदाही फळी देण्यात आली नाही. मनाई होती असेही नव्हे. कोणाच्या मनातच आले नाही.

पूना क्लबाच्या कुंपणाबाहेर याच वेळी पुण्यातील हिंदूंचा एक क्लब युरोपियनांस आव्हान देण्याची उमेद बाळगून होता. १८९० नंतरचे पुणे हे काही साधे गाव नव्हते. सार्वजनिक गणेशोत्सव नुकता सुरू झालेला, सामाजिक परिषदेचा आणि राष्ट्रीय सभेचा वाद ऐन भरात, केसरीची लेखणी तापलेली. साहेबास त्याच्याच खेळात हरवावे ही आकांक्षा त्या वातावरणास साजेशीच होती. अडचण एवढीच की, साहेबास हरवू शकेल असा गोलंदाज साहेबाच्याच पदरी रूळ ओढीत होता आणि त्याची जात आडवी येत होती. क्लबातील तेलुगू सभासदांचे मत बाळूंना घ्यावे असे पडले, तर ब्राह्मण सभासदांनी हरकत काढली. तेव्हा हिंदूंनी या माणसास वगळले तर तो मूर्खपणा ठरेल, अशा आशयाचे मत खुद्द ग्रेगने प्रकट केले, आणि वादाचा निकाल लागला. स्वकीयांच्या गुणाचा दाखला परकीयाने द्यावा तेव्हा तो ग्राह्य धरावा, ही आपली जुनी खोड येथे एकदा तरी सत्कारणी लागली.

बाळू संघात आले, पण ते मैदानापुरते. खेळ चालू असता ब्राह्मण खेळाडू त्याच चेंडूस हात लावीत ज्यास बाळूंचा हात लागला होता. चहाची वेळ झाली की इतर मंडळी मंडपात बसत आणि बाळूंना बाहेर, फेकून देण्याच्या मातीच्या भांड्यात चहा मिळे. जेवणाची पंगत निराळी. हात-तोंड धुण्यास पाणी हवे झाल्यास तेही अस्पृश्य नोकरानेच आणून द्यावे. चेंडूस विटाळ नाही आणि कपास आहे, याची उपपत्ती कोणत्या स्मृतीत सापडते हे मला ठाऊक नाही. परंतु ज्या इंग्लंडात एकाच संघातले अकराजण दोन दारांनी आत-बाहेर करीत, त्या इंग्लंडास ही व्यवस्था पाहून हसण्याचा अधिकार नव्हता हेही तितकेच खरे. दोन्ही व्यवस्थांतील अंतर विसरून मात्र चालणार नाही. पगारी इंग्रज खेळाडू दुसऱ्या दाराने गेला तरी त्याच्या स्पर्शाने कोणी स्नान करीत नव्हते, आणि त्याचा मुलगा भाग्याने धनवान झाला तर हौशी म्हणून पहिल्या दाराने येऊ शकत होता.

साताऱ्याची एक हकीकत या काळातील म्हणून सांगतात. तेथील युरोपियन जिमखान्याने पुण्याच्या हिंदूंशी सामना ठरला तेव्हा बाळूंच्या फिरत्या चेंडूची नांगी मोडण्यासाठी आठवडाभर खेळपट्टीवर रूळ फिरवून ती दगडासारखी करून ठेवली. जन्माने नव्हे तरी पेशाने रूळ ओढणाऱ्या माणसाविरुद्ध रुळाचाच प्रयोग करावा, यातील विनोद त्या मंडळींच्या ध्यानात आला नसावा. बाळूंनी सात गडी बाद केले आणि पुणेकर जिंकले. परतल्यावर जो सत्कार झाला त्यात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी, ज्याच्याबरोबर खेळता त्याच्याबरोबर बसून खाण्यास काय हरकत आहे, अशा अर्थाने संघातील मंडळींची कानउघाडणी केली म्हणतात. आणि पुढे एका सभेत टिळकांनीही बाळूंचा गौरव केला. समाजसुधारणा आधी की स्वराज्य आधी, या प्रश्नावर ज्या दोन पुरुषांचे कधी जमले नाही, त्यांचे या एका डावखुऱ्या गोलंदाजाविषयी एकमत व्हावे, ही त्या काळाच्या इतिहासातील एक लहानशी पण गोड नोंद आहे.

१८९६ च्या प्लेगच्या सुमारास बाळू मुंबईस आले. काही काळ पलटणीत काढल्यावर ते बी. बी. सी. आय. रेल्वेच्या नोकरीत शिरले आणि १८९४ साली स्थापन झालेल्या परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्यातर्फे खेळू लागले. तेथेही काही सभासदांनी नाके मुरडली. तथापि मुंबईची हवा पुण्याहून मोकळी, आणि पालवणकर बंधूंना जिमखान्याच्या उपाहारगृहात इतरांसमवेत खाण्यापिण्याची मुभा काही काळाने मिळाली. ज्यास सोवळे-ओवळे पुस्तकांनी आणि परिषदांनी शिकवून सुटेना त्यास ते बळींच्या संख्येने सुटले, असे म्हणावयाचे तर म्हणावे. मला यात समाधान वाटते त्यापेक्षा खंत अधिक वाटते, कारण बळी घेता न येणाऱ्या सहस्रावधी चर्मकारांनी कोणाच्या तोंडाकडे पाहावे याचे उत्तर त्यात नाही.

फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबईस हिंदू व युरोपियन यांचा जो सामना झाला तो या कथेतील मध्यबिंदू. आदल्याच वर्षी जपानने रशियाचे आरमार बुडविले होते, वंगभंगाची चळवळ पेटली होती, आणि गोऱ्या माणसाचा पराभव होऊ शकतो ही कल्पना हवेत होती. हिंदूंनी २४२ व १६०, युरोपियनांनी १९१ व १०२ धावा केल्या. हिंदू १०९ धावांनी विजयी झाले. बाळूंनी दोन्ही डावांत मिळून आठ गडी टिपले. शिवरामही या संघात होते. मुंबईच्या सुधारकी वृत्तपत्राने या विजयाचा अर्थ लावताना, साहेबांचा पराभव ही दुय्यम गोष्ट, चर्मकार बंधूंना संघात घेण्याइतके धैर्य हिंदूंनी दाखविले ही मुख्य, असे प्रतिपादन केले. पुढील वर्षी हिंदू पुन्हा जिंकले. या सामन्यांच्या काळात ग्रेग आणि बाळू परस्परांच्या विरुद्ध बाजूंनी मैदानात उतरू लागले. आता बाद करण्याचे आठ आणे नव्हते.

१९११ साली पतियाळाचे तरुण महाराज भूपिंदरसिंग यांच्या आधिपत्याखाली अखिल हिंदी संघ विलायतेस गेला. महाराज दरबारच्या मेजवान्यांत आणि राज्यारोहण समारंभात गुंतले, काही चांगले खेळाडू त्यांच्या तैनातीत अडकले, आणि प्रथम दर्जाच्या चौदा सामन्यांपैकी संघास दोनच जिंकता आले. या फजितीत एकच नाव उजळले. खांदा दुखत असताही बाळूंनी सर्व सामन्यांत मिळून ११४ गडी बाद केले, त्यांपैकी ७५ प्रथम दर्जाच्या सामन्यांतले. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात १०३ धावांत आठ. ज्या देशात हौशी व पगारी हा भेद जन्माला आला त्या देशात, राजाच्या हाताखाली, पूना क्लबाच्या नोकराने संघाची लाज राखली. मुंबईस परतल्यावर दलित समाजाने त्यांचा सत्कार केला. त्या सभेतील मानपत्राच्या कामी एल्फिन्स्टन कॉलेजातील एका विद्यार्थ्याचा हात होता असे सांगतात. त्या विद्यार्थ्याचे नाव भीमराव आंबेडकर.

नेतृत्वाचा प्रश्न मात्र सुटता सुटेना. १९१२ पासून मुसलमानांचा संघ सामील होऊन चौरंगी सामने सुरू झाले. बाळूंच्या तोडीचा जाणता खेळाडू हिंदूंत दुसरा नव्हता, तरी त्यांस कप्तान करण्याची गोष्ट निघाली की काहीतरी कारण पुढे येई. १९२० साली त्यांना संघातूनच वगळले आणि कप्तानपद दुसऱ्याकडे गेले, तेव्हा शिवराम व विठ्ठल या बंधूंनी आपण जातीमुळे डावलले जात असल्याचे निवेदन प्रसिद्ध करून खेळण्याचे नाकारले. प्रकरण तापले, तडजोड झाली, अंतिम सामन्यात बाळूंना उपकप्तानपद मिळाले. अखेर १९२३ साली विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कप्तान झाले आणि त्यांनी युरोपियनांना हरविले. त्या संघात नागपूरचे सी. के. नायडूही होते. विठ्ठल यांनी आपले 'माझे क्रीडा-जीवन' पुढे १९४८ साली प्रसिद्ध केले; मराठीतील खेळाडूंच्या आत्मचरित्रांचा शोध घेणाऱ्याने ते टाळू नये. येथे एक तुलना सांगितल्यावाचून राहवत नाही. विसाव्या शतकात इंग्लंडने आपल्या संघाचे नेतृत्व पगारी खेळाडूकडे, लेन हटन याच्याकडे, सोपविले ते १९५२ साली. मुंबईच्या हिंदूंनी ब्राह्मणेतर नव्हे, अस्पृश्य मानलेल्या कप्तानास स्वीकारून तोवर एकोणतीस वर्षे झाली होती.

यावरून वऱ्हाडाने किंवा मुंबईने फार फुशारून जाण्याचे कारण नाही. विठ्ठल कप्तान झाले त्यानंतर चार वर्षांनी, १३ नोव्हेंबर १९२७ रोजी, आमच्या अमरावतीस अंबादेवीच्या मंदिरप्रवेशासाठी परिषद भरली, अध्यक्ष डॉ. आंबेडकर, आणि येथील पुढाकार डॉ. पंजाबराव देशमुख यांच्यासारख्यांचा. खेळाच्या मैदानात जे मान्य झाले होते ते देवीच्या गाभाऱ्याशी अजून अमान्यच होते. नांदगाव पेठेहून त्या परिषदेस पायी गेलेली माणसे असतील; त्यांपैकी कितीजणांच्या कानी पालवणकर हे नाव गेले असेल, हा प्रश्न मनात येऊन जातो.

बाळू राजकारणात आंबेडकरांच्या वाटेने गेले नाहीत. ज्या हिंदू जिमखान्याने त्यांना, उशिरा का होईना, आपले म्हटले त्याच्याशी त्यांची निष्ठा जडली होती. १९३२ साली हिंदू महासभेचे नागपूरचे डॉ. मुंजे आणि दलित पुढारी राव बहादुर राजा यांच्यात संयुक्त मतदारसंघासाठी झालेल्या कराराच्या बाजूने ते उभे राहिले, त्याच वर्षीच्या पुणे करारावर त्यांची सही आहे, आणि १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने मुंबईत त्यांना आंबेडकरांविरुद्ध उभे केले. आंबेडकरांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. ज्याने मानपत्र लिहिले म्हणतात आणि ज्यास ते अर्पण झाले, त्या दोघांनी पाव शतकाने एकमेकांविरुद्ध मते मागावीत, यावर पुष्कळ लिहिता येईल. माझ्या मते बाळूंचा तो निर्णय चुकला. परंतु चहाच्या मातीच्या भांड्यापासून जिमखान्याच्या मेजापर्यंतचा प्रवास ज्याने स्वतः केला होता त्यास तो रस्ता सर्वांसाठी खुला होईल असे वाटले, तर त्याबद्दल त्यास दोष देण्यास मी धजत नाही.

ग्रेगचे उत्तरायुष्य शांत गेले. लष्करातून निवृत्त झाल्यावर त्याने इंग्लंडात हॅम्पशायर क्लबाचे चिटणीसपद काही वर्षे सांभाळले. क्लबांची ही चिटणीसपदे हौशी गृहस्थाच्या प्रतिष्ठेस बाध न आणता मोबदला देणारी म्हणून त्या काळी प्रसिद्धच होती. वृद्धापकाळी त्याने रोमन कॅथलिक पंथाच्या धर्मोपदेशकाची दीक्षा घेतली आणि १९५८ साली तो वारला. बाळू त्याच्या तीन वर्षे आधी, जुलै १९५५ मध्ये मुंबईस निवर्तले. आणखी सात वर्षांनी, १९६२ च्या अखेरीस, इंग्लंडच्या क्रिकेटच्या कारभाऱ्यांनी हौशी व पगारी हा भेद कागदोपत्री रद्द केला.

प्रथम दर्जाच्या ३३ सामन्यांत बाळूंच्या नावावर १७९ बळी आहेत, प्रत्येकी सरासरी १५.२१ धावांच्या मोलाने, आणि ही आकडेवारी बहुतांशी त्यांचे वय तिशी ओलांडल्यानंतरची आहे. विशी-पंचविशीतले चेंडू पूना क्लबाच्या जाळीत गेले, आणि त्यांची नोंद कोणी ठेवली नाही. त्याच ३३ सामन्यांत त्यांनी फळी हाती घेऊन ७५३ धावाही काढल्या, एका डावात तर ७५. यांपैकी एकही धाव पुण्याच्या साहेबांनी शिकविलेली नव्हती.